पाचवं वाक्य

अमळनेर
२ नोव्हेंबर २०२५

चि. निशास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी मागच्या शब्दाची पाच वाक्यं पोचली. लाल शाईनं तपासून याच पाकिटात परत पाठवली आहेत. तीन चांगली आहेत. दोन तू गाइडातून उचललीस, नाही म्हणू नकोस. मी नोकरीभर गाइडं ओळखण्याचंच काम केलं, इंग्रजी शिकवलं ते उरलेल्या वेळात. नववीतल्या मुलीच्या घरात 'माळी बागेला पाणी घालतो' असं वाक्य येईलच कसं? पांडेसऱ्याच्या चाळीत कुठली बाग आणि कुठला माळी?

तुझी आई परत लिहिते, मामा, आता तरी एखादा मोबाईल घ्या. तिला सांग, कान गेलेल्या म्हाताऱ्यानं मोबाईल घेऊन काय त्यावर पापड वाळवायचे? पोस्टमन येतो, हात हलवतो, पाकीट देतो. माझं चाललंय.

आता नवा शब्द. शॅबी. विशेषण आहे. वापरून वापरून आणि निगा न राखल्यामुळे ज्याची रया गेली, ते शॅबी. माझी आरामखुर्ची शॅबी आहे. तिचं कापड विटलंय, दांड्यावर चहाचे डाग आहेत, आणि तुझी आजी गेल्यापासून मी तिला फडकंसुद्धा लावलेलं नाही.

नियम तुला पाठ आहेत, तरी सांगतो. वाक्यं पाच. सगळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. खोटं वाक्य मला व्याकरणानं कितीही शुद्ध असलं तरी चालणार नाही. आणि पाचवं वाक्य लांब हवं, त्यात 'म्हणून' आलंच पाहिजे, म्हणजे जोडवाक्याचा सराव होतो. शब्द वापरला तरच तो आपला होतो.

पप्पांना माझा जयभीम सांग. ते अजून तुझ्या वाक्यांना टाळ्या वाजवतात का? एक अक्षर न कळता इतक्या मनापासून टाळ्या वाजवणारा श्रोता मला जन्मात मिळाला नाही. २६ जानेवारीला तुझ्या शाळेत वक्तृत्व आहे ना, त्यांना पहिल्या रांगेत बसव.

तुझा,
श्रीपतआजोबा


पांडेसरा, सुरत
१९ नोव्हेंबर

आदरणीय मामांना,
चैतालीचा सप्रेम जयभीम.

निशाचं पत्र आणि शब्द मिळाला. तिची चाचणी परीक्षा सुरू आहे म्हणून वाक्यं आत्ता पाठवत नाही, मागून पाठवेल. रागावू नका. आम्ही सगळे ठीक आहोत. मी घरी साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम घेते ते चालू आहे. दिवाळीनंतर मिल उघडल्या, निशाच्या पप्पांची पाळी सुरू झाली.

एक विचारायचं होतं. म्हणजे निशाचे पप्पा विचारताहेत. तुम्ही जो शब्द पाठवला, तो माणसाला लावतात का? खुर्चीला लावतात, पडद्याला लावतात, ते कळलं. त्यांचं म्हणणं, माणसाला लावला तर ते चुकीचं इंग्रजी होत असेल. तसं असलं तर मामा, स्पष्ट लिहा. जरा मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे त्यांना स्वतःला वाचता येईल. मी वाचून दाखवते म्हटलं तर नको म्हणाले.

त्यांचं तुम्हाला माहीतच आहे. रंगखात्यात काम. साड्यांचा जो लॉट चालू असेल त्या रंगाचे हात. नखं तर कायमची निळी. उन्हाळ्यात उशीवर गुलाबी डाग पडतात, घामातून रंग उतरतो. लग्न झालं तेव्हा मी घाबरले होते, आता हसू येतं. हल्ली मात्र ते कामावरून आले की न्हाणीत फार वेळ लावतात. बाहेर शेजारणी बादल्या घेऊन उभ्या राहतात आणि बोलणी मला खावी लागतात.

दुसरं काही नाही. सहज विषय निघाला म्हणून विचारलं. उत्तर लवकर पाठवा.

तुमची भाची,
चैताली


अमळनेर
२४ नोव्हेंबर

चि. चैताली आणि जावईबापू,
सप्रेम जयभीम.

वा, वा. जावईबापू, तुम्ही विचारलेला प्रश्न माझ्या वर्गात एकाही पोरानं कधी विचारला नाही. तुमच्यासाठी हे पत्र ठळक अक्षरात लिहितोय, दौतीतली अर्धी शाई संपली तरी चालेल.

तर, लावतात का? अहो, सर्रास लावतात. कपडे, घर, हॉटेल, माणूस, सगळ्यांना लावतात. एखाद्याशी हलकेपणानं वागलं तर त्या वागण्यालाही लावतात, पण तो अर्थ परीक्षेत येत नाही, सोडून द्या.

माणसाला लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. जुनं आणि शॅबी यांत फरक आहे. आमच्या शाळेत सुपडू नावाचा शिपाई होता. एकच सदरा, कॉलरला ठिगळ, पण रोज धुतलेला. तो शॅबी नव्हता. आणि आमचे लोटू गुरुजी, पँट नवीकोरी, खिशाशी तंबाखूचे डाग, बोटं पिवळी, नखांत काय साठलंय ते विचारू नका. ते शॅबी. आता कळलं? हा शब्द गरिबीला चिकटत नाही, आळसाला चिकटतो. अंगावर डाग, हातांवर रंग, नखांत मळ, आणि घरात साबण असून माणूस तो वापरत नाही, तिथे हा शब्द अगदी नेमका बसतो. ज्याचे हातपाय स्वच्छ, त्याला जगात कुणी हा शब्द लावू शकत नाही. साफ झालं की शब्द आपोआप गळून पडतो.

कशी वाटली व्याख्या? डिक्शनरीत इतकी सोपी मिळायची नाही.

निशाची वाक्यं पाठवा. विशेषतः पाचवं. मी वाट पाहतोय.

तुमचा,
श्रीपत


पांडेसरा, सुरत
११ डिसेंबर

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला. निशाच्या पप्पांच्या हाताला मिलमध्ये थोडं लागलं आहे. काळजीचं काही नाही. दवाखान्यात जाणं-येणं असल्यामुळे मला वेळ नाही.

आता काही दिवस निशाला शब्द पाठवू नका. तिचा अभ्यास खूप आहे.

तुमची,
चैताली


अमळनेर
१६ डिसेंबर

चि. चैतालीस,
जयभीम.

तुझं पत्र म्हणावं की तार म्हणावी, तेच कळेना. बरं, शब्द पाठवत नाही. तुमची इच्छा. हल्ली मुलांना मोबाईलवर बोटानं टिचकी मारली की अर्थ मिळतो, त्यांना म्हाताऱ्याच्या पाकिटाची कसली गरज? मी समजू शकतो. वाईट वाटलं एवढंच. अगं, तू चौथीत असल्यापासून तुला मी शब्द पाठवत आलो. तू दहावीनंतर सोडलंस, निशानं धरलं. मला वाटलं होतं ही धरून ठेवेल.

जावईबापूंना सांभाळ. हाताला लागलं तर हळद लाव, आणि चार दिवस पाण्यात हात घालू देऊ नकोस. यंत्रात बोट सापडलं का? लिहीत का नाहीस नीट?

आणि एक. शब्द नको असले तर नको, पण दिलेल्या शब्दाची पाच वाक्यं माझी राहिली आहेत. तेवढी पाठवायला सांग. मी लाल शाई भरून ठेवली आहे.

मामा


पांडेसरा, सुरत
२२ डिसेंबर

मामा,

तुम्ही वाक्यं मागता. मी लपवणार होते. पण तुम्ही रुसलात ते वाचून मला इतका राग आला की आता लिहूनच टाकते. राग तुमचा नाही. कुणाचा आहे तेही कळत नाही.

तुमचं त्या शब्दाचं पत्र आलं त्या रविवारी निशानं नेहमीसारखी वाक्यं वाचली. आमच्या घरी हे कसं असतं तुम्हाला माहीत नाही. हे अंघोळ करून, केस विंचरून, पोलादी कपाटाला टेकून बसतात. ती उभी राहून वाचते. प्रत्येक वाक्याला हे टाळी वाजवतात आणि मग अर्थ विचारतात. आठवड्यातली त्यांची तीच मजा. दारू नाही, पत्ते नाहीत. पोरीचं इंग्रजी.

पहिली चार वाक्यं पडद्याची, दप्तराची, जिन्याची, रिक्षाची. पाचवं वाचताना तिनं मान वर केली नाही. यांना त्यात 'फादर' ऐकू आलं आणि 'स्कूल' ऐकू आलं. इतके खूश झाले मामा. जोरात टाळ्या वाजवल्या. म्हणाले, मन्हं नाव उनं वाक्यामा. अर्थ विचारला तर ती म्हणाली, नंतर सांगते, आणि गॅलरीत गेली.

हे दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सगळ्यांना सांगत फिरले, पोरीनं मला इंग्रजीत घातलं. वाक्य घोकून गेले होते. तिथे लॅबमध्ये एक शिकलेला मुलगा आहे, त्याला म्हणून दाखवलं. तो हसला आणि अर्थ सांगितला.

अर्थ असा होता. माझे वडील शॅबी दिसतात, म्हणून ते शाळेच्या गेटवर आले की मी मैत्रिणींना सांगते, हे आमच्या चाळीतले काका आहेत.

हे घरी आले ते थेट न्हाणीत गेले. मला सगळं गोपालच्या बायकोकडून कळलं, गोपाल त्यांच्याबरोबर त्याच खात्यात आहे. मग एक दिवस हे मला म्हणाले, मामांना विचार, माणसाला लावतात का. त्यांना तुमच्याकडून 'नाही' ऐकायचं होतं मामा. तुम्ही नाही लिहिलं असतं तर ते म्हणाले असते, पोरीचं इंग्रजी कच्चं आहे, आणि विषय संपला असता.

तुमचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. तुमच्या मोठ्या अक्षरांचं त्यांना कौतुक वाटलं. म्हणाले, मामांनी उपाय पण लिहिला आहे.

साबण आमच्या घरी असतो मामा. हे रोज घासायचे, नारळाच्या शेंडीनं घासायचे, रक्त येईपर्यंत घासायचे. रंगखात्यातल्या माणसाचे हात साबणानं निघतच नाहीत. सगळे कारीगर ब्लीचच्या पाण्यात हात खळबळून घेतात, तेवढ्यापुरतं वरवरचं जातं.

पाच डिसेंबरला सकाळी पाळी सुटायच्या वेळेला एका लॉटचा रंग उतरवायचा होता. साडीवर डाग पडला की हायड्रो आणि कॉस्टिक या रसायनांच्या पाण्यात टाकून तिला परत पांढरी करतात. पाणी ड्रममध्ये उरलं होतं, कोमट झालं होतं. यांनी त्यात कोपरापर्यंत हात घातले. जी वस्तू साडीचा रंग काढते ती हातांचा काढणार नाही का, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर होता, पांढरा सदरा घालून निशाला घेऊन अभिवादनाला जायचं होतं, पांढऱ्या बाहीतून निळे हात दिसू नयेत म्हणून. कॉस्टिक लगेच जाळत नाही. आधी साबणासारखं गुळगुळीत लागतं. यांना वाटलं, निघतोय. म्हणून काढलेच नाहीत. गोपालनं ओढून बाहेर काढलं तेव्हा कातडी पाण्यात राहिली होती.

दोन्ही हात गेले आहेत मामा. म्हणजे आहेत, पण पट्टी बदलताना मला बघवलं नाही. ताप उतरत नाही. सरकारी दवाखान्यात जळितांच्या वॉर्डात आहेत. मिलवाले म्हणतात, त्यानं स्वतःहून घातले.

निशा शाळेत जात नाही. कोपऱ्यात बसते. मी तिला मारलं. त्या दिवशी खूप मारलं, शेजारणींनी सोडवलं. मग म्हणाली, आजोबांनी सांगितलं होतं, वाक्य खरं पाहिजे.

आता पाठवू का लाल शाईसाठी?

चैताली


अमळनेर
२७ डिसेंबर

बाळ चैताली,

तुझं पत्र काल आलं.

पोरीला मारू नकोस. नियम माझा होता. तिनं तो पाळला. मी लोटू गुरुजींची चेष्टा करत बसलो, तेव्हा ते पत्र कोण वाचणार आहे आणि त्याचे हात कसे आहेत, हे तू मला आधीच लिहिलं होतंस. गुलाबी उशी लिहिली होतीस, निळी नखं लिहिली होतीस. मी वाचलं आणि मला व्याख्या सुचली. काय करू मी आता या बुद्धीचं?

मी येतो. तुझं पत्र मिळताच गाडी धरतो. वॉर्डात बसायला माणूस लागेल, मी बसेन. ऐकू येत नाही, पण पाणी पाजता येतं, माशी वारता येते. तू फक्त ये म्हण.

ते पत्र फाडून टाक. सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे, ती त्यांना वाचायला दे. तुझ्या आवाजात नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर धर. मोठ्या अक्षरात आहे.

मामा

(चिठ्ठी)
जावईबापू बुद्धभूषण यांस, सप्रेम जयभीम. मी तुम्हाला चुकीचा अर्थ सांगितला. हा शब्द माणसाला लावत नाहीत. फक्त वस्तूंना लावतात. निशाचं वाक्य चुकलं होतं, मी ते कापलं आहे. निवृत्त माणूस आहे, विसर पडतो. मोठ्या मनानं क्षमा करा. — श्रीपत तायडे, इंग्रजीचे शिक्षक


पांडेसरा, सुरत
८ जानेवारी २०२६

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

येऊ नका. मी तुमच्यासाठी नाही म्हणत. त्यांनी सांगितलं, मामांनी मला असं बघायला नको, दवाखान्याच्या कपड्यात. तुम्ही आलात तर ते भिंतीकडे तोंड करून पडतील. निशाशी तेच करतात.

तुमची चिठ्ठी मी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी सगळी वाचली. हसले. म्हणाले, मामा मनी समजूत काढी राहिनात. त्यांना तुमचं आधीचं मोठ्या अक्षरातलं पत्रच खरं वाटतं, कारण त्यात शिपायाचं आणि गुरुजींचं उदाहरण होतं. या चिठ्ठीत उदाहरण नाही, म्हणतात. ते पत्र मी फाडलं, पण त्यांना पाठ आहे.

मांडीची कातडी काढून हातांवर लावली. डावा हात बरा होईल म्हणतात. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकींना चिकटली आहेत, ती सुटणार नाहीत. मिलमध्ये परत पाऊल ठेवायचं नाही, केमिकलच्या वासाजवळसुद्धा जायचं नाही, असं डॉक्टरबेन म्हणाल्या. ताप दोन वेळा उतरला आणि दोन वेळा परत चढला. मधल्या एका रात्री तर डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं होतं, घरच्यांना कळवून ठेवा. मी कुणाला कळवणार होते? तुम्हाला फोन ऐकू येत नाही.

निशा रोज माझ्याबरोबर दवाखान्यात येते. वॉर्डाच्या दाराशी उभी राहते. ती दिसली की हे मला खुणेनं चादर ओढायला सांगतात. हात, मान, तोंड, सगळं झाकून घेतात. ती अर्धा तास उभी राहून निघून येते. घरी आली की माझ्याशेजारी बसून साड्यांवर स्टोन चिकटवते. शाळेचं नाव काढू देत नाही. वक्तृत्वातून नाव काढून घेतलं. परवा तिची टीचर घरी आली होती, तिच्याशी ही गुजरातीत बोलली. टीचर इंग्रजीत विचारते, ही गुजरातीत उत्तर देते. तिच्या तोंडून इंग्रजीचं एक अक्षर निघत नाही.

या माणसानं बारा-बारा तास रंगात हात घालून जी एक गोष्ट कमावली होती ती हीच होती मामा. तीही गेली.

नवऱ्याला धरू की पोरीला धरू? एकाला धरलं की दुसरं सुटतं. दोघं एकमेकांवर रागावले असते तर मी भांडण मिटवलं असतं. पण रागावलेलं कुणीच नाही. दोघांना एकमेकांची लाज वाटते. लाज कशी मिटवायची ते तुम्ही मला कधी शिकवलं नाही.

चैताली


अमळनेर
१३ जानेवारी

चि. निशास,

हे पत्र मराठीत वाच आणि मराठीतच ठेव. यात शब्द नाही, वाक्यं मागितलेली नाहीत.

तू पाहिलंस तेवढं लिहिलंस. मी न पाहता लिहिलं. दोघांत माझा गुन्हा मोठा आहे, आणि मी इथे अंगणात उन्हाला बसलो आहे. हे बरोबर नाही. पण माझ्या येण्यानं त्यांना त्रास होणार असेल तर मी गुमान इथेच बसेन.

तू मात्र दारात थांबू नकोस. त्यांनी चादर ओढली तरी आत जा. काही समजावू नकोस. आपण दोघांनी त्यांना पुरेसं समजावलं आहे. नुसती खाटेवर बस, पाय चेप, पाणी दे. हात लागत नसतील तर पाय तर आहेत. त्यांनी तोंड फिरवलं तर तिकडच्या बाजूला जाऊन बस. त्यांनी जा म्हटलं तर बहिरी हो. मी इतकी वर्षं बहिरा आहे, तुला सांगतो, काही बिघडत नाही.

मला लिहायचं असेल तर लिही. नसेल तर नको.

आजोबा


पांडेसरा, सुरत
२३ जानेवारी

आजोबा,
सप्रेम जयभीम.

मला मराठी लिहायला वेळ लागतो. चुका असतील, तुम्ही करेक्ट करू नका.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आत गेले. पप्पांनी चादर ओढायला मम्मीला खूण केली, पण मम्मी औषध आणायला खाली गेली होती आणि त्यांना स्वतःला ओढता येत नाही. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पाय चेपले. ते झोपल्याचं नाटक करत होते, मला कळत होतं. शेजारच्या बेडवर एक काका आहेत, कतारगामचे, ते गुजरातीत म्हणाले, दीकरी आवी छे, आँख तो खोलो, म्हणजे पोरगी आलीय, डोळे तरी उघडा. पप्पांनी खोलली नाही. पण पाय पण ओढले नाहीत. मी रोज आत जायला लागले. सहा वाजता गार्ड काढून टाकतो तोपर्यंत बसायचे. मी त्यांना भरवते. मम्मीनं भरवलं तर ते डाळभात खातात, मी भरवलं तर सगळं खातात.

मला त्यांना सांगायचं होतं ते मी मनात रोज तयार करत होते. की मी ते का लिहिलं. एकदा ते गेटवर आले होते, मिलमधून डायरेक्ट, माझा डबा राहिला होता म्हणून. त्या दिवशी लाल लॉट होता. हात, कान, केस, सगळं लाल. मुली घाबरल्या. एकीनं विचारलं, हू इज ही? मी भरभर इंग्रजीत सांगितलं, चाळीतले काका. पप्पा तिथेच उभे होते, त्यांनी ऐकलं, पण त्यांना वाटलं मी इंग्रजीत काहीतरी चांगलं सांगितलं. ते मुलींकडे बघून हसले. ते मला विसरता येत नव्हतं आजोबा. म्हणून ते पाचव्या वाक्यात आलं. मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि तुम्ही म्हणाला होता की खरं पाहिजे. मला वाटलं तुम्ही वाचाल आणि मला रागवाल. पप्पांना अर्थ कळेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला गॅलरीतून उडी मारावीशी वाटली.

काल पप्पांच्या हातांच्या पट्ट्या सोडल्या. पूर्ण. डॉक्टरबेन म्हणाल्या, आता हवा लागू द्या. मम्मी बाहेर जाऊन रडत होती. मी आतच राहिले.

पप्पांचे हात आता वेगळे आहेत. कातडी पातळ आहे, गुलाबी आणि पांढरी, कुठे कुठे चकाकते. उजव्या हाताची दोन बोटं एक झाली आहेत. नखं नाहीत. निळा रंग कुठेच नाही, एक ठिपका पण नाही. मी जन्मल्यापासून पप्पांचे हात असे पाहिलेच नव्हते. ते खूप वेळ बघत बसले. पालथे करून पाहिले, सरळ करून पाहिले. मग डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मला वाटलं आता रडतील.

ते म्हणाले, "देख बेटा, निंघी गया सगळा रंग."

मी म्हणाले, पप्पा, माझं वाक्य खोटं होतं. मी चुकले. तुम्ही तसे नव्हतेच. मी ते तीन वेळा म्हणाले. त्यांनी मान हलवली. "खोटं कसाले? तू सांगं, तवय त निंघना." म्हणजे मी सांगितलं तेव्हाच तर रंग निघाला.

आजोबा, ते खूश आहेत. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण ते खूश आहेत. त्यांना वाटतं काम झालं. त्यांनी आल्या-गेल्या सगळ्यांना हात दाखवले. कतारगामच्या काकांना दाखवले, गार्डला दाखवले, झाडूवालीला दाखवले. गोपालकाका आले, त्यांना म्हणाले, तू पण बघ, तुझे कसे आहेत आणि माझे कसे आहेत.

मी काही बोलले की ते म्हणतात, मामांनी लिहिलं होतं, साफ झालं की शब्द गळून पडतो.

उद्या त्यांना घरी सोडणार आहेत. टीचरनं माझं नाव वक्तृत्वातून काढलंच नव्हतं, ती म्हणाली, मी कागद ठेवून घेतला होता. पप्पांना हे मम्मीनं सांगितलं. त्यांनी मम्मीला पांढऱ्या सदऱ्याला नीळ देऊन इस्त्री करायला लावली. कपडे घालायला मदत लागेल, बटणं मी लावणार आहे. बाह्या मात्र कोपरापर्यंत दुमडायच्या म्हणाले. डॉक्टरबेननी ऊन लागू देऊ नका सांगितलंय, तरी दुमडायच्याच.

मी उभी राहणार आहे. मला एक पण वाक्य आठवत नाही, तरी उभी राहणार. ते पहिल्या रांगेत बसतील. त्यांना टाळ्या वाजवता येणार नाहीत, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

काल संध्याकाळी गार्ड आला, मी उठले, तेव्हा ते दोन्ही हात पुढे धरून मला विचारत होते, अगदी हळू, कुणी ऐकू नये म्हणून.

"आते येऊ का तुनी शाळामा?"

निशा